कुशावतीच्या काठाने साळावलीकडे

दुचाकीवरून एक दिवसाची फेरी काढण्याचे आमचे बेत गेली तीन वर्षे नेमके जून ते सप्टेंबर या महिन्यांत ठरत आणि पावसात वाहून जात. गोव्याची हिरवाई पाहायची तर पावसाळ्यातच, हा समज चुकीचा नाही. पण दुचाकीवाल्याच्या तो फारसा कामाचा नाही. त्या दिवसांत गुडी-पारोड्याचा रस्ता पाण्याखाली जातो, आतल्या रस्त्यांच्या कडांना शेवाळ धरते आणि हेल्मेटच्या काचेवर समोरच्या डोंगराऐवजी आपल्याच श्वासाची वाफ दिसत राहते. म्हणून या वेळी आम्ही दसरा आणि दिवाळी यांच्या मधला एक रविवार निवडला.

गोव्याचा शेतकरी पावसाळी पिकाला सरद म्हणतो आणि त्यानंतरच्या पिकाला वायंगण. सरदीचे भात ऑक्टोबरात पिकते, आणि त्या पंधरा-वीस दिवसांत रस्त्याच्या एका अंगाला कापून पडलेल्या पेंढ्या, तर दुसऱ्या अंगाला वाऱ्याने एका बाजूस कललेले पिवळे पीक, असे दृश्य मैलोन्‌मैल साथ करते. सड्यांवरचे, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरचे, गवत बुंध्याशी हिरवे आणि शेंड्याला तांबूस झालेले असते. वर्षातला हा एवढाच काळ असा, की नद्या अजून भरलेल्या असतात आणि रस्ते मात्र कोरडे झालेले असतात. जोखीम राहते ती दुपारच्या उकाड्याची आणि परतीच्या पावसाबरोबर येणाऱ्या विजांची. तेव्हा सकाळी लवकर निघायचे आणि तीन वाजायच्या आत डोंगराळ भाग सोडायचा, एवढे आम्ही आधीच ठरवले होते.

वेगाच्या प्रश्नावर मात्र आमचे वाजले. आम्ही चौघे. फोंड्याचा एक मित्र, वास्कोत औषधांचे दुकान चालवणारा दुसरा, मडगावचा मी आणि सांगे तालुक्यात प्राथमिक शाळेवर असलेले मास्तर. पहिल्या तिघांच्या गाड्या दोनशे ते साडेतीनशे सीसीच्या आणि अलीकडे घेतलेल्या. मास्तरांची शंभर सीसीची गाडी अठरा वर्षांची, मागच्या कॅरियरला नारळाच्या सुंभाने बांधलेला हवेचा पंप कायम लटकत असलेली. वास्कोवाल्याने असा नियम सुचवला, की ज्याची गाडी सर्वांत संथ त्याने पुढे राहायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून जायचे. मी त्याला विरोध केला. पुढचा माणूस पुढच्या फाट्यावर थांबून वाट पाहील, प्रत्येकाने आपापल्या वेगाने यावे, असे माझे म्हणणे होते. नवी गाडी घेऊन आठच महिने झालेल्या माणसाचे ते म्हणणे होते, हे आता कबूल करायला हरकत नाही. तीन विरुद्ध एक अशा मताने नियम मंजूर झाला.

आदल्या रात्री मी गाडी तपासली, म्हणजे जे तपासण्यात मन रमते तेवढे तपासले. चेन साफ करून तिला तेल दिले, तिचा ढिलेपणा पाहिला, पुढचे-मागचे ब्रेक दाबून पाहिले, दिवे लावून पाहिले. टायरची हवा थंड टायरवरच मोजायची असते, म्हणून ते काम सकाळसाठी ठेवले. ट्यूबलेस टायरचे पंक्चर काढण्याचा संच सीटखाली होता. तो मी वर्षभरापूर्वी विकत घेतला होता, उघडून मात्र एकदाही पाहिला नव्हता. या वाक्याचा उपयोग पुढे होणार आहे.

साडेसहाला मडगाव सोडले तेव्हा शेतांवर गुडघाभर धुके होते आणि चंद्रनाथाचा डोंगर त्यातून वर निघाल्यासारखा दिसत होता. पारोड्याच्या सखल भागात, जेथे जुलैत होड्या चालवता येतील असे पाणी साचते, तेथे कापणीची माणसे आधीच शेतात उतरली होती. केप्याला मास्तर आमची वाट पाहत उभे होते. तेथे पातळ भाजी, पाव, एकेक मिरची आणि चहा घेतला. गोव्यात फिरायला निघालेल्या माणसाने हॉटेलातल्या भरगच्च न्याहारीच्या नादी न लागता बाजारातल्या भाजीपावावर निघावे. पोट भरते, झोप येत नाही आणि पाव संपण्याआधी पोहोचायचे म्हणून लवकर उठणेही घडते.

केप्याहून तिळामळ आणि तेथून जांबावली. मास्तर पुढे, त्यांच्या मागे थोडा उजवीकडे वास्कोवाला, मग डावीकडे मी आणि शेवटी फोंड्याचा मित्र, अशी आमची रांग होती. सरळ एकामागे एक न राहता असे आडवे-तिरके राहिले की पुढच्याने अचानक ब्रेक लावला तरी मागच्याला जागा उरते. आंधळ्या वळणावर मात्र सर्वांनी एका ओळीत येऊन डावी कड धरायची. मास्तरांचा काटा चाळिसाच्या वर जात नव्हता. माझी गाडी त्या वेगाला चौथ्या गिअरमध्ये कुरकुरत होती आणि गाडीपेक्षा मी जास्त कुरकुरत होतो. जांबावलीला दामोदराच्या देवळासमोर क्षणभर थांबलो. मडगावचा हा देव पोर्तुगीज अमदानीत येथे आला आणि शिमग्यात येथल्या गुलालाला मडगावकर आजही जातात. देवळाच्या कडेने कुशावती वाहते, आणि पुढचा बराच वेळ ही नदी कधी दिसत, कधी नुसती ऐकू येत आमच्या सोबत होती.

रिवणच्या पुढे रस्त्याचा स्वभाव बदलतो. मध्येच तो एखाद्या महामार्गासारखा रुंद होतो आणि फर्लांगभरात पुन्हा दोन माडांच्या मधून जाईल एवढा अरुंद. हे रुंदीकरण कोणत्या प्रवाशासाठी झाले, हे कडेची लाल माती सांगते. या पट्ट्यात खनिजाचे ट्रक रात्रंदिवस धावत असत, आणि 2012 साली खाणकाम थांबले तोपर्यंत कोणी शहाणा दुचाकीस्वार हौसेखातर इकडे येत नव्हता. मास्तर सांगतात, की त्या काळी शाळेत पोचेपर्यंत त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचा रंग खांद्यापासून खाली बदललेला असे. ज्या शांततेचे आम्ही कौतुक करत चाललो होतो ती ट्रकमालकांच्या आणि चालकांच्या घरात कशी उतरली असेल, हा विचार वास्कोवाल्याने बोलून दाखवला. त्याचा एक मामा ट्रकवर होता.

उसगाळीमळला जाण्यासाठी मुख्य रस्ता सोडून आत वळावे लागते. कुशावतीच्या वळणावर जांभ्या दगडाचा एक विस्तीर्ण सपाट कातळ आहे आणि त्यावर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली शंभराहून अधिक चित्रे आहेत. स्थानिकांना ती ठाऊक होतीच. संशोधकांच्या नजरेस ती 1993 साली आली. आम्ही गेलो तेव्हा कातळाच्या खोलगट भागांत पुराने आणून टाकलेला गाळ अजून ओलसर होता आणि बऱ्याच रेषा त्याखाली दडलेल्या होत्या. सकाळचे तिरपे ऊन हे येथे फार मोठे साहाय्य असते. दुपारी डोक्यावरच्या उन्हात सपाट वाटणारा दगड आठ-साडेआठच्या उन्हात एकेक रेघ दाखवू लागतो. वशिंडाचा बैल आधी दिसला, मग दुसरा, मग हरणासारखे काही, मग मोर, मग एक स्त्री. एकात एक गुंतलेल्या वर्तुळांचे ते प्रसिद्ध चक्रव्यूह शेवटी सापडले. मास्तर दरवर्षी मुलांना येथे आणतात. चक्रव्यूहाच्या तोंडाशी बोट ठेवून, बोट न उचलता मध्यापर्यंत जाऊन दाखवा, असे ते मुलांना सांगतात. आम्हा तिघांपैकी कोणालाही ते पहिल्या प्रयत्नात जमले नाही. जवळजवळ तासभर आम्ही तेथे होतो आणि त्या तासात पाचवा माणूस कातळावर आला नाही.

परत मुख्य रस्त्याला लागल्यावर माझी गाडी वळणावर मागून घसरल्यासारखी वाटू लागली. थांबून पाहिले तर मागच्या टायरमध्ये बोटाच्या पेराएवढा स्क्रू रुतलेला होता आणि त्याच्या कडेने बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. आता तो संच सीटखालून बाहेर आला. ट्यूबलेसचे पंक्चर काढणे तत्त्वतः सोपे आहे: स्क्रू उपटायचा, कानशीसारख्या टोच्याने भोक साफ करून थोडे मोठे करायचे, चिकट रबराची वात सुईच्या नेढ्यात ओवून तिला सोल्युशन लावायचे, सुई जोर देऊन आत घालून झटक्यात बाहेर काढायची म्हणजे वात आत राहते, आणि बाहेर उरलेले शेंडे कापायचे. माझ्या संचातील सोल्युशनची नळी दगडासारखी वाळली होती आणि वातींचा चिकटपणाही बराचसा गेला होता. त्याहून मोठी उणीव अशी, की भोक बुजवले तरी टायरमध्ये हवा भरायला माझ्याकडे काहीच नव्हते. फोंड्याच्या मित्राकडेही नव्हते, वास्कोवाल्याकडेही नव्हते. तिघेही निमूटपणे मास्तरांच्या कॅरियरला बांधलेल्या पंपाकडे पाहू लागलो. त्या पंपावरून आम्ही आजवर केलेले सर्व विनोद मास्तरांना आठवत असणार, पण त्यांनी फक्त सुंभाची गाठ सोडली.

कोरडी वात दोनदा बाहेर आली आणि तिसऱ्या वेळी, दोन वाती एकत्र पिळून घातल्यावर, राहिली. पायाने दाबायच्या त्या पंपाने साडेतीनशे सीसीच्या गाडीचे मागचे चाक फुगवणे हा व्यायाम कोणीही एकदा करून पाहावा. आळीपाळीने पाय मारत वीस-पंचवीस मिनिटांनी चाक उभे राहिले. वातीवर थुंकी लावून पाहिली तर अगदी बारीक बुडबुडा येत होता. म्हणजे हवा जाणार होती, पण सावकाश. ‘‘पंधरा किलोमीटर झाले की थांबायचे आणि भरायचे,’’ मास्तर म्हणाले, ‘‘आणि आता तुम्ही पुढे व्हा. नियम नियम असतो.’’

अशा रीतीने ज्या नियमाला मी एकट्याने विरोध केला होता त्याच्या आधाराने मी नेत्रावळीपर्यंत पुढे राहिलो, तेही पस्तिसाच्या वेगाने. त्या वेगाला जे जाणवले ते आधीच्या दोन तासांत मी मागून जात असूनही जाणवले नव्हते, कारण तेव्हा माझे लक्ष मास्तरांच्या मागच्या दिव्यावर आणि माझ्या कुरकुरीवर होते. उन्हातून झाडीत शिरताच हवा किती थंड होते ते कोपरापर्यंत कळू लागले. एका वाड्यावर दहा-बारा मुलगे बांबूच्या कामट्या बांधून दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराचा सांगाडा उभा करत होते. धड तयार होते, डोके शेजारी जमिनीवर होते, आणि आम्हाला पाहून एकाने ते डोके उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवले. पुढे एका घराच्या खळ्यात मळणी चालली होती आणि हवेतला भुसा काचेवर चिकटत होता. म्हशी रस्ता ओलांडेपर्यंत थांबलो, त्या ओलांडून पुन्हा परत आल्या, आणि आम्ही पुन्हा थांबलो.

नेत्रावळी हे गाव ज्या अभयारण्याला नाव देते ते 1999 साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र 211 चौरस किलोमीटर आहे. वरच्या डोंगरात वेर्ले, तुडव, साळजिणी ही गावे आहेत आणि तेथे जाणारा घाट आमच्या बेतात होता; पण गळक्या टायरने घाट चढणे हा मूर्खपणा ठरला असता, तेव्हा माझ्यामुळे तो सर्वांचा राहिला. याची बोच मला अजून आहे. त्याऐवजी गोपीनाथाच्या देवळापाशी असलेल्या बुडबुड्यांच्या तळीवर बसलो. तळीच्या तळातून बुडबुड्यांच्या माळा अखंड वर येत असतात आणि टाळी वाजवली की त्या वाढतात, अशी समजूत आहे. फोंड्याच्या मित्राने टाळ्या वाजवून, मग गप्प राहून, मग पुन्हा टाळ्या वाजवून गंभीरपणे मोजणी केली आणि निष्कर्ष जाहीर करण्याचे टाळले. मी मात्र दिवसभरात इतके बुडबुडे टायरवर पाहिले होते की पाण्यातल्यांचे मला तितकेसे नवल उरले नव्हते.

दुपारचे जेवण एका घरगुती खाणावळीत झाले: शीत म्हणजे भात, बांगड्याचे हुमण म्हणजे आमटी, सुक्या मासळीची किसमूर, तळलेला एकेक बांगडा आणि सोलकढी. मासेमारीबंदी जुलैअखेर उठते आणि ऑक्टोबरात बांगडा स्वस्त आणि भरदार असतो, त्यामुळे डोंगरातल्या खाणावळीतही तो ताजा मिळाला. जेवण झाल्यावर कोणीही पाच मिनिटांपेक्षा जास्त बसायचे नाही, हे माझेच फर्मान होते; ते मीच मोडले आणि त्याची किंमत पुढे पावसाने वसूल केली.

नेत्रावळीहून सांग्याकडे येताना झाडांच्या फटींतून साळावलीच्या जलाशयाचे निळे तुकडे दिसू लागतात. मास्तर सकाळपासून बोलत होते ते येथून गप्प झाले. आम्हाला कारण माहीत होते. त्यांच्या घराण्याचे गाव कुर्डी, आणि कुर्डी या पाण्याखाली आहे. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. धरणासाठी ते उठवायचे ठरले तेव्हा गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावकऱ्यांना समजावायला आले होते. 1986च्या सुमारास पाणी चढले. विस्थापितांना वाडे आणि वालकिणी येथे जागा मिळाल्या. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाव वर येते, घरांचे चौथरे आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते आणि मे महिन्यात कुर्डीकर तेथे जमून उत्सव करतात. मास्तर लहानपणापासून एकही मे महिना चुकलेले नाहीत.

धरणावर आम्ही पोहोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सुमारे 43 मीटर उंचीच्या या धरणाचा सांडवा बदकाच्या चोचीच्या आकाराचा आहे आणि जलाशय भरला की त्या चोचीच्या कडांवरून पाणी आत कोसळते. ऑक्टोबर असल्यामुळे धार पातळ झाली होती, काचेच्या पडद्यासारखी. आवाज मात्र पोटात जाणवत होता. जवळच कुर्डीचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ आहे. ते गावाबरोबर बुडू नये म्हणून दगड न् दगड सुटा करून येथे आणून पुन्हा रचले आहे. मास्तर देवळात जाऊन आले आणि मग कठड्याला टेकून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. ‘‘मी इथे दरवर्षी येतो म्हणतो,’’ ते म्हणाले, ‘‘पण येतो मे महिन्यात. तेव्हा चौथरा असतो, विहीर असते, आजोबांनी लावलेल्या माडाचा बुंधा असतो. हे असे भरलेले मी नीट थांबून कधी पाहिलेच नाही. केप्याला जायचे तर मान दुसरीकडे वळवून जातो.’’ आपले घर कोणत्या दिशेला असावे ते त्यांनी हाताने दाखवले, मग हात थोडा डावीकडे नेला, मग खाली घेतला. मे महिन्यात ज्या खुणांवरून दिशा कळते त्यांतली एकही वर नव्हती.

तेवढ्यात पूर्वेकडच्या डोंगरांवर ढग काळे झाले आणि पहिली वीज दिसली. उघड्या सड्यावर किंवा एकाकी झाडाखाली दुचाकी घेऊन थांबणे विजांच्या पावसात सर्वांत वाईट. पक्के छप्पर गाठणे हाच उपाय. मास्तरांचे घर कुर्डीच्या विस्थापितांच्या एका वसाहतीत, फार लांब नव्हते. नियमाप्रमाणे मी पुढे होतो, त्यामुळे चौघेही माझ्या गळक्या चाकाच्या वेगाने भिजलो. पावसाचे पहिले दहा मिनिटांचे पाणी रस्त्यावरची माती आणि तेल वर आणते आणि तेव्हाच घसरण सर्वांत जास्त असते. पस्तिसाच्या वर जाता येत नव्हते हे त्या दिवशी माझ्या पथ्यावरच पडले.

मास्तरांच्या आईने टॉवेल आणि चहा दिला. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. आम्ही कुठून आलो हे कळल्यावर त्यांनी रिवणचे, नेत्रावळीचे, आमच्या गाड्यांचे काहीही विचारले नाही. ‘‘उदक खंय मेरेन आयलां?’’ पाणी कुठपर्यंत आले आहे, एवढेच विचारले.

‘‘भरलां,’’ मास्तर म्हणाले.

‘‘सगळें?’’

‘‘सगळें.’’

त्यांनी मान हलवली आणि आणखी एकेक कप चहा ओतला. साडेचारच्या सुमारास पाऊस थांबला. दिवस सहा वाजता मावळतो, तेव्हा अंधाराआधी चांदर गाठायचे तर लगेच निघणे भाग होते. मी टायर दाबून पाहिला. तो पुन्हा मऊ झाला होता. मास्तरांनी अंगणात पंप लावला, पंचवीस-तीस पाय मारले, आणि मग सुंभासकट तो पंप माझ्या सीटला बांधून दिला. मडगाव येईपर्यंत मला दोनदा थांबावे लागले. पंप अजून माझ्याकडेच आहे. तो परत देण्यासाठी आम्ही मे महिन्यातला एक रविवार ठरवला आहे आणि या वेळी मास्तर आम्हाला कुर्डीत नेणार आहेत.